दप्तरातला दर्या : इतिहासाचार्य राजवाडे, धुळे आणि कोकणकिनाऱ्याचा इतिहास

मराठ्यांच्या समुद्रसत्तेचा इतिहास ज्या कागदांच्या आधारे लिहिला गेला, त्यांतील बराच मोठा भाग किनाऱ्यावर नव्हे, तर सातारा, वाई, मेणवली, धावडशी अशा घाटमाथ्यावरच्या गावांत जपला गेला होता. आणि अशा कागदांचा शोध घेण्यात व अर्थ लावण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या आयुष्याची अखेर समुद्रापासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर आत, खानदेशातील धुळे येथे झाली. महाराष्ट्र त्यांना ‘इतिहासाचार्य’ म्हणून ओळखतो. ज्ञानेश्वरीचे संपादक, व्युत्पत्तीचे अभ्यासक, विवाहसंस्थेच्या इतिहासाचे लेखक म्हणूनही त्यांची आठवण निघते. परंतु किनाऱ्याच्या आणि समुद्राच्या इतिहासाचे अभ्यासक म्हणून त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते. वास्तविक त्यांनी संपादित केलेल्या साहित्यात दोन कामे अशी आहेत की, त्यांना वगळून कोकणकिनाऱ्याचा इतिहास लिहिता येत नाही : ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहाराचा खंड हे पहिले आणि ‘महिकावतीची बखर’ हे दुसरे. या दोन्ही कामांतून एकच गोष्ट पुनःपुन्हा पुढे येते, ती ही की, पाण्यावर जे घडले त्याची कारणे बहुधा जमिनीवर होती आणि म्हणून समुद्राचा इतिहास शोधणाऱ्याला गलबतांइतकेच सावकाराच्या वहीकडे, देवस्थानाच्या पत्रांकडे आणि गावच्या वतनाच्या कागदाकडे पाहावे लागते.

हा विचार खानदेशात बसून करणे वरकरणी विचित्र वाटले, तरी खानदेशाचा भूगोल त्याला पुष्टी देणारा आहे. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावणारी तापी सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेजवळ समुद्राला मिळते. जळगावजवळून वाहणारी गिरणा आणि धुळ्यातून वाहणारी पांझरा या दोन्ही नद्या तिलाच येऊन मिळतात. मोगल काळात सुरत हे हिंदुस्थानचे पश्चिमेकडचे मुख्य बंदर होते आणि तेथून बुऱ्हाणपूर व पुढे आग्र्याकडे जाणारा एक प्रमुख मार्ग नवापूर, नंदुरबार असा खानदेशातून जात असे. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ साली जहांगीर बादशहाच्या भेटीला निघाला तेव्हा सुरतेहून याच प्रदेशातून बुऱ्हाणपुरास गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने नवापूरच्या सुवासिक तांदळाची आवर्जून नोंद केली आहे. मक्केला जाणारे यात्रेकरू, बुऱ्हाणपूरचे कापड, खानदेशचा कापूस व नीळ हे सारे याच वाटेने बंदरावर उतरत असे. बंदरामागे पसरलेल्या आणि त्याला माल पुरवणाऱ्या अशा मुलखाला पृष्ठप्रदेश म्हणतात. खानदेश हा शतकानुशतके सुरतेचा पृष्ठप्रदेश होता.

या नात्याचा राजकीय परिणाम कसा होत असे, हे धरणगावच्या उदाहरणावरून दिसते. आज जळगाव जिल्ह्यात असलेल्या या गावी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. वखार म्हणजे माल खरेदी करून साठवण्याचे आणि बंदरावर रवाना करण्याचे ठाणे. १६७५ साली मराठी फौजांनी धरणगाव लुटले, तेव्हा कंपनीच्या मालाच्या भरपाईसाठी इंग्रजांनी शिवाजी महाराजांच्या दरबारी तगादा लावला. १६७९ साली धरणगाव आणि चोपडे पुन्हा लुटले गेले, आणि ते वर्ष समुद्राच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे, कारण त्याच वर्षी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर मराठ्यांनी किल्ला बांधायला घेतला आणि तो हाणून पाडण्यासाठी इंग्रजांची आणि जंजिऱ्याच्या सिद्दीची गलबते एकत्र आली. सिद्दी १६७० नंतर मोगलांच्या चाकरीत होता आणि त्याच्या आरमाराचा, म्हणजे लढाऊ गलबतांच्या ताफ्याचा, खर्च सुरतेच्या महसुलातून भागवला जात असे. सुरतेचा महसूल म्हणजे मुख्यतः जकात, आणि जकात भरणाऱ्या मालाचा एक मोठा हिस्सा तापीच्या खोऱ्यातून येणारा. तेव्हा खांदेरीसमोर उभ्या असलेल्या गलबतांचा आणि धरणगावच्या कापडाच्या गाठींचा संबंध पैशाचा होता. एका बाजूला बेटावर किल्ला बांधणे आणि दुसऱ्या बाजूला पृष्ठप्रदेशातील पेठा लुटणे या दोन वेगळ्या मोहिमा वाटल्या, तरी त्यांचा मार त्याच शत्रूंवर पडत होता. समुद्राचा इतिहास केवळ लढायांच्या तारखांनी मांडला, तर हा संबंध नजरेतून निसटतो.

राजवाडे यांचा जन्म १८६३ साली कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, पेणजवळच्या वरसई या गावी झाला. ‘माझा प्रवास’ लिहिणारे विष्णुभट गोडसे याच गावचे. वडील लहानपणीच वारल्याने राजवाड्यांचे शिक्षण ओढाताणीत झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले, काही काळ न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक होते, आणि पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. नोकरी सोडल्यावर उरलेले आयुष्य त्यांनी कोणत्याही सरकारी वा संस्थानी पगाराशिवाय काढले. आपले संशोधन मराठीतच लिहायचे, हा त्यांचा निर्धार होता आणि तो त्यांनी अखेरपर्यंत पाळला. त्या काळी विद्वानांची मान्यता इंग्रजी लेखनातूनच मिळत असल्याने या निर्धाराची किंमत त्यांनी जाणूनबुजून मोजली.

त्यांच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवात इतिहासकार म्हणून नव्हे, तर मासिककार म्हणून झाली. १८९४ साली त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. जगातील श्रेष्ठ ग्रंथ मराठीत आणावेत, या एकाच हेतूने चाललेले हे मासिक सुमारे तीन वर्षे टिकले; प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे भाषांतर राजवाड्यांनी स्वतः त्यात केले. मासिक बंद पडले, तरी नियतकालिकाची शिस्त त्यांच्या अंगी मुरली. पुढे त्यांनी जमवलेल्या साधनांचे काही खंड प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या ‘ग्रंथमाला’ या मासिकातून छापले गेले, म्हणजे ते वाचकांपुढे हप्त्याहप्त्याने आले. त्यांच्या प्रस्तावनांचा धारदार, वाद घालणारा, वाचकाला उभे करून प्रश्न विचारणारा सूर हा ग्रंथालयात बसून लिहिणाऱ्या पंडिताचा नाही. पुढचा अंक वेळेवर काढायचा आहे आणि वाचकाने तो वाचलाच पाहिजे, अशी निकड असलेल्या संपादकाचा तो सूर आहे.

‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. १७५० ते १७६१ या पानिपतपूर्व काळातील पत्रे त्यात होती आणि त्यांना जोडलेली विस्तृत प्रस्तावना हा मराठी इतिहासलेखनातील एक टप्पा मानला जातो. या मालेचे पुढे एकूण २२ खंड निघाले. हे काम कोणत्या अडचणीत झाले, हे समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते : पुण्यातील पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांचा सरकारी साठा, राजवाड्यांच्या हयातीत संशोधकांना मोकळा नव्हता. सरकारी दार बंद असल्यामुळे त्यांनी घरोघरची दारे ठोठावली. जुन्या सरदारांची, सावकारांची, कुलकर्ण्यांची, मठाधिपतींची घरे त्यांनी पायी हिंडून धुंडाळली. माळ्यावर वा तळघरात कापडी बासनांत बांधून ठेवलेले कागद, ज्यांना ‘रुमाल’ म्हणतात, ते मालकांची मनधरणी करून सोडवले. आणि मोडीत, म्हणजे हात न उचलता भराभर लिहिण्यासाठी रूढ झालेल्या लिपीत, लिहिलेली पत्रे वाचून बाळबोधीत उतरवली. राजदरबारच्या दप्तरात राजकारण आणि हिशेब सापडतात. घरगुती दप्तरात त्याखेरीज कर्जे, रुसवे, नवस, आजार आणि भेटवस्तू सापडतात. समुद्राच्या इतिहासाला या दुसऱ्या प्रकारच्या कागदांनी जो ओलावा दिला, तो एरवी मिळाला नसता.

१९०१ साली निघालेला तिसरा खंड, म्हणजे ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार, हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. ब्रह्मेंद्रस्वामी हे मूळचे देशावरचे; चिपळूणजवळ परशुराम येथे तपश्चर्येला राहिले आणि तेथील देवस्थानामुळे त्यांचा कोकणातील सर्व सत्ताधाऱ्यांशी संबंध आला. त्या सत्ताधाऱ्यांत मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे होते आणि त्यांचे वैरी असलेले सिद्दीही होते. सिद्दीकडे जाणारा एक हत्ती आंग्र्यांच्या माणसांनी वाटेत अडवला, त्यात स्वामींचा हात असल्याचा संशय अंजनवेलच्या सिद्दी साताला आला आणि त्याने फेब्रुवारी १७२७ मध्ये, ऐन शिवरात्रीला, परशुरामाचे देवस्थान उद्ध्वस्त केले. स्वामी कोकण सोडून घाटावर, साताऱ्याजवळच्या धावडशीला येऊन राहिले, ते १७४५ साली समाधिस्थ होईपर्यंत. तेथून त्यांनी छत्रपती शाहू, पेशवा बाजीराव, चिमाजी अप्पा आणि आंग्रे बंधू यांच्याशी जो पत्रव्यवहार चालवला, त्यात सिद्दीच्या पारिपत्याचा आग्रह सतत दिसतो.

किनाऱ्यावरचे राजकारण घाटमाथ्यावरच्या एका मठातून कसे हलवले जात होते, हे या पत्रांतून समजते. स्वामी संन्यासी होते आणि त्याच वेळी मोठे सावकारही होते. पेशवे त्यांचे कर्जदार होते आणि मोहिमेच्या यशाची चिंता व कर्जफेडीची चिंता एकाच पत्रात शेजारी शेजारी येते. कान्होजी १७२९ साली वारले. त्यांच्या मागे सरखेल झालेले सेखोजी १७३३ साली, ऐन जंजिरा मोहिमेच्या धामधुमीत गेले. आणि त्यानंतर संभाजी व मानाजी या भावांत जे वैर पेटले, त्यात बाजीरावाने आंग्र्यांची सत्ता दोन भागांत वाटून दिली : मानाजीकडे कुलाबा आणि संभाजीकडे सरखेलपदासह दक्षिणेकडचा किनारा. स्वामी या भावांना समजावत होते, रागावत होते आणि मागण्याही करत होते. १७३६ च्या एप्रिलमध्ये चिमाजी अप्पाने सिद्दी साताला लढाईत ठार केले आणि १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला गेला. हे दोन्ही विजय किनाऱ्याचे असले, तरी ते मुख्यतः जमिनीवरच्या फौजांनी मिळवलेले विजय होते, आणि येथेच मराठी समुद्रसत्तेचे खरे दुखणे आहे. पेशव्यांना किनारा हवा होता; पाण्यावरची सत्ता आंग्र्यांच्या घरात होती; आणि घर फुटले की आरमार फुटत होते. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाजवळ तुळाजी आंग्र्यांचे आरमार इंग्रजांनी जाळले, तेव्हा पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने उभी होती. त्या दिवसाची बीजे वीस वर्षांपूर्वीच्या या पत्रांत वाचायला मिळतात, आणि म्हणून ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार हा एका साधूच्या चरित्राचा आधार नसून आरमाराच्या इतिहासाचा एक मूलाधार आहे, असे म्हणणे योग्य ठरते.

या पत्रव्यवहाराच्या निमित्ताने राजवाडे आणि दत्तात्रय बळवंत पारसनीस हे दोन समकालीन समोरासमोर आले. पारसनीस (१८७०–१९२६) हे साताऱ्याचे. त्यांचे औपचारिक शिक्षण फारसे नव्हते, पण विद्यार्थिदशेतच ‘महाराष्ट्र कोकिळ’ हे मासिक त्यांनी काढले, पुढे ‘भारतवर्ष’ आणि १९०८ पासून ‘इतिहाससंग्रह’ चालवले, नाना फडणीसांचे मेणवली येथील दप्तर मिळवले आणि मराठी आरमारावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. प्रांतीय इतिहासकार, नियतकालिकाचा संपादक आणि समुद्राचा अभ्यासक या तिन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत पाहायच्या झाल्या, तर मराठीत पहिले नाव पारसनीसांचेच घ्यावे लागेल. त्यांनी १९०० साली ब्रह्मेंद्रस्वामींचे चरित्र प्रसिद्ध करून स्वामींना राष्ट्रपुरुषाचे स्थान दिले. राजवाड्यांनी मूळ पत्रेच छापली आणि प्रस्तावनेत स्वामींच्या राजकीय थोरवीविषयी फार कठोर मत मांडले. पारसनीसांना चरित्रनायक दिसत होता, राजवाड्यांना व्यवहार दिसत होता. आज ही पत्रे वाचताना राजवाड्यांची दृष्टी अधिक टिकाऊ वाटते. मात्र त्यांच्या भाषेतील कठोरपणा पुष्कळदा अनावश्यक होता, हेही मान्य केले पाहिजे, कारण पारसनीसांनी मिळवलेले कागद नसते तर या वादाला आधारच उरला नसता.

राजवाडे यांच्या अभ्यासाची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. गलबत ही वस्तू म्हणून त्यांनी फारशी पाहिली नाही. मराठी आरमारात गुराब आणि गलबत असे दोन मुख्य प्रकार होते. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, पुढच्या टोकाकडे निमुळते आणि तोफा वाहणारे जहाज. इंग्रज इतिहासकार ऑर्म याच्या वर्णनाप्रमाणे तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची आणि दोन डोलकाठ्यांची सुमारे १५० टनांची असे. गलबत हे त्याहून लहान, सहसा ७० टनांच्या आतले आणि ४० ते ५० वल्ह्यांनी चालणारे. वारा पडला की शिडाच्या मोठ्या जहाजाला जागचे हलता येत नसे आणि तेव्हा वल्ह्यांची गलबते त्याच्या मागच्या बाजूने, जेथे त्याच्या तोफांचा मारा दुबळा असे, चालून येत. शिबाड हे मालवाहू. या बांधणीमागचे लाकूड, सुतार, तांडेल, भरती-ओहोटीचे आणि पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवण्याचे गणित यांचा शोध राजवाड्यांच्या कामात नाही. त्याचप्रमाणे समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक व्यापारी गलबताने घ्यावयाचा परवाना, ज्याला आंग्रे ‘दस्तक’ म्हणत आणि पोर्तुगीज ‘कार्ताझ’ म्हणत, त्याच्या अर्थशास्त्राकडेही त्यांचे लक्ष फारसे गेले नाही. मात्र मराठे युरोपीयांपुढे का हटले, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर छळत होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी शौर्याच्या उणिवेत न शोधता विद्येच्या उणिवेत शोधले. गोव्यात १५५६ साली छापखाना आला, पण शेजारच्या मराठी मुलखाने ती कला दोन-अडीचशे वर्षे उचलली नाही. टोपीकर कोठून येतात, त्यांची जहाजे कशी बांधली जातात, त्यांच्या तोफा का लांब पल्ला गाठतात, याची चौकशी करणारी शास्त्रीय जिज्ञासा आपल्याकडे निर्माण झाली नाही, हा त्यांचा सल होता. प्लेटोचे भाषांतर करणारे मासिक ज्या तळमळीतून निघाले, तीच तळमळ या विवेचनात आहे.

‘महिकावतीची बखर’ राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. बखर म्हणजे घडलेल्या गोष्टींची गद्य वा पद्य हकीकत. या बखरीत दोन्ही आहेत, आणि ती एका हाताने, एका काळी लिहिली गेलेली नाही. तिचा एक भाग केशवाचार्य नावाच्या लेखकाने शके १३७०, म्हणजे इसवी सन १४४८ मध्ये लिहिल्याचा उल्लेख तिच्यात आहे. इतर भाग पुढे जोडले गेले. शके १०६० मध्ये, म्हणजे ११३८ साली, प्रतापबिंब हा राजा उत्तरेकडून काही कुळे घेऊन उत्तर कोकणात उतरला आणि त्याने महिकावती ही राजधानी वसवली, तेथपासून मुसलमानी अंमल आणि पोर्तुगीजांच्या आगमनाच्या काळापर्यंतची हकीकत तीत येते. महिकावती म्हणजे माहीम; ते मुंबईचे की केळवे-माहीम, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. साष्टी, वसई, ठाणे, मालाड या परिसरातील गावे, त्यांची वतने, कोणते कूळ कोणत्या गावी बसले, कोणाचा मान कोणता, याची नोंद हे या बखरीचे मुख्य अंग आहे. मालाडच्या नायकोराव देसल्याला देवीचा आदेश झाला आणि महाराष्ट्रधर्म राखण्यासाठी निरनिराळ्या जातींच्या प्रमुखांना एकत्र केले गेले, ही तिच्यातील कथा पुढे फार चर्चिली गेली.

समुद्राच्या इतिहासात या बखरीचे महत्त्व असे की, तीत किनारा हा लढाईचे मैदान म्हणून नव्हे, तर वस्तीची जागा म्हणून दिसतो. पोर्तुगीज आणि इंग्रजी साधनांत किनाऱ्यावरचा मनुष्य बहुधा करदाता, खलाशी किंवा चाचा म्हणून भेटतो. येथे तो आपले गाव, आपले कूळ आणि आपला हक्क सांगत उभा आहे. राजवाड्यांनी बखरीतील शकांची छाननी केली, विसंगती दाखवल्या आणि आपल्या दीर्घ प्रस्तावनेत कोकणात कोणकोणते लोकसमूह कोणत्या क्रमाने वसले, याचा आराखडा मांडण्याचा यत्न केला. त्यांपैकी अनेक अनुमाने पुढील संशोधकांना पटली नाहीत; जातींच्या मूळस्थानांविषयीची त्यांची विधाने आज तशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत, आणि स्वीकारूही नयेत. परंतु त्यांनी विचारलेला एक प्रश्न अजून जिवंत आहे. किनाऱ्यावर राज्ये आली आणि गेली, बिंब गेले, यादव गेले, सुलतान आले, पोर्तुगीज आले, तरी गावगाडा आपल्या जागी तसाच चालत राहिला; तेव्हा राज्य कोणाचे याविषयी गावकऱ्याला आस्था का वाटली नाही, हा तो प्रश्न. परकीय आरमारांना किनाऱ्यावर पाय रोवता आले ते केवळ तोफांच्या बळावर नव्हे, तर या उदासीनतेमुळेही, असा त्यांचा रोख होता. किनाऱ्याच्या इतिहासाला सामाजिक इतिहासाची जोड देणारे हे विवेचन मराठीत त्यापूर्वी झालेले नव्हते.

ही बखर प्रसिद्ध झाली तेव्हा राजवाडे साठी ओलांडून गेले होते. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता, पण संस्थेच्या व्यवहारात ते फार काळ रमले नाहीत. मतभेद झाले, आणि त्यांचा मुक्काम पुण्याबाहेर, मुख्यतः धुळ्यात होऊ लागला. धुळे हे त्यांना मानवण्यासारखे गाव होते. पांझरेकाठची नवी पेठ कॅप्टन जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने १८१८ नंतर आखून वसवली. हाच ब्रिग्ज फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचा इंग्रजी भाषांतरकार. राजवाड्यांच्या काळी तेथे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली स्थापलेली सत्कार्योत्तेजक सभा समर्थ रामदासांच्या आणि त्यांच्या शिष्यांच्या हस्तलिखितांचा शोध घेत होती आणि ती छापत होती, आणि भास्कर वामन भट यांच्यासारखे वकील आपला व्यवसाय सांभाळून इतिहासाचा अभ्यास करत होते. भटांचा ‘महाराष्ट्र धर्म’ हा ग्रंथ १९२५ साली, म्हणजे महिकावतीच्या बखरीच्या पाठोपाठच, निघाला. शेजारच्या जळगावी नारायण नरसिंह फडणीस १८८७ पासून केवळ कवितेला वाहिलेले ‘काव्यरत्नावली’ मासिक चालवत होते आणि १९०७ साली महाराष्ट्रातील पहिले कविसंमेलन त्याच गावी भरले होते. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगाव व धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणे झाली होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी आलेल्या कापसाच्या तेजीपासून जळगावची पेठ मुंबई बंदराशी आणि त्यामार्गे इंग्लंडच्या गिरण्यांशी बांधली गेली होती. तापीकाठाने सुरतेला जाणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली होती. पुण्याबाहेर राहणे म्हणजे विद्येच्या बाहेर राहणे, असे खानदेशाबाबत म्हणता येत नव्हते.

धुळ्यातील या अखेरच्या काळात राजवाडे मराठी धातुकोशाच्या कामात गढले होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, ९ जानेवारी १९२७ रोजी, त्यांच्या धुळ्यातील स्नेह्यांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. इतकी घाई करण्याचे कारण उघड होते. राजवाड्यांनी मागे घर, शेत वा पैसा ठेवला नव्हता. त्यांची मालमत्ता म्हणजे कागद होते, आणि कागद वेळीच एका जागी न बांधले तर ते पुन्हा माळ्यांवर आणि रद्दीत विखुरले असते. मंडळाने त्यांचे अप्रकाशित साहित्य छापले, धातुकोश आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश पूर्ण करून प्रसिद्ध केले, ‘संशोधक’ हे त्रैमासिक चालवले, मूर्ती, नाणी, ताम्रपट, हस्तलिखिते यांचा संग्रह उभा केला. पलीकडच्या अमळनेरास शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी राजवाड्यांचे चरित्र लिहिले, आणि खानदेशच्या शाळकरी मुलांपर्यंत हे नाव पोहोचले, ते बव्हंशी त्या चरित्रामुळे.

राजवाड्यांच्या पश्चात समुद्राच्या मराठी इतिहासाची वाट रुंदावत गेली. १९३० च्या दशकात गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध झाले आणि त्यांत जंजिरा व वसईच्या मोहिमांची पत्रे स्वतंत्रपणे आली. राजवाड्यांना जे दार बंद होते, ते त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच उघडले. दामोदर गोपाळ ढबू यांनी ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’ लिहून आंग्रे घराण्याची समग्र हकीकत दिली, गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज दप्तर वाचून मराठ्यांच्या पत्रांची दुसरी बाजू पुढे आणली, आणि डॉ. भा. कृ. आपटे यांनी मराठी आरमार व व्यापारी गलबते यांचा एकत्र अभ्यास १९७३ साली ग्रंथरूपाने मांडला. गलबतांची बांधणी, दस्तकांचा महसूल, खलाशांची भरती या ज्या जागा राजवाड्यांनी मोकळ्या सोडल्या होत्या, त्यांतील बऱ्याच या अभ्यासकांनी भरल्या.

खानदेशाच्या बाजूने पाहता मात्र एक काम ठळकपणे पुढे उभे आहे. सुरतेच्या इंग्रजी वखारीचा पत्रव्यवहार छापलेला आहे आणि त्यात धरणगावचे उल्लेख आहेत. नंदुरबार, थाळनेर, चोपडे, एरंडोल, पारोळे, धरणगाव या जुन्या पेठांतील देशमुख, देशपांडे, शेटे, महाजन यांच्या घराण्यांना वतनांच्या निमित्ताने कागद जपण्याची परंपरा आहे. आणि मोडी शिकवण्याची, जुने कागद सांभाळण्याची व्यवस्था धुळ्यात शतकभर रुजलेली आहे. एका बाजूला बंदरावर भरलेली जकात आणि दुसऱ्या बाजूला पेठेत निघालेला माल, असे दोन्ही हिशेब समोरासमोर ठेवून सुरत, सिद्दी आणि खानदेश यांचे नाते वर्षवार मांडण्याचे हे काम आहे. त्याला राजवाड्यांच्या पद्धतीचे संशोधक लागतील : गावोगाव पायी हिंडण्याची तयारी असलेले, मालकाची मनधरणी करणारे, मोडी अस्खलित वाचणारे, आणि जे सापडेल ते स्वतःच्या तर्काला प्रतिकूल असले तरी जसेच्या तसे छापणारे. आरंभ धरणगावापासून करणे सोयीचे ठरेल, कारण तेथील पेठ, कंपनीची वखार आणि मराठ्यांच्या स्वाऱ्या या तिन्हींच्या तारखा निदान एका बाजूच्या कागदांत पक्क्या झालेल्या आहेत.